संगणकाची खोली आणि तिची किल्ली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जी भाषणं झाली, त्यांतल्या माझ्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे. मध्येच प्रोजेक्टर बंद पडला होता, त्या दहा मिनिटांत मी जे काही बोलले ते गाळलं आहे.)



कमिटीने मला विषय दिला आहे, ‘संगणकाचं सॉफ्टवेअर आणि त्याचा शिक्षणातला वापर’. वाचल्यावर मला वाटलं, याच्यापुढे कंसात ‘गुण १०’ एवढंच लिहायचं राहिलंय. पण हा विषय आत्ताच का आला, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तळमजल्यावरची जुनी ऑफिसची खोली रिकामी झाली आहे, तिथे मुलांसाठी संगणकाची खोली करायची आहे, आणि ती कशी करायची यावरून गेल्या दोन मीटिंगांमध्ये आपण एकमेकांशी जरा चढ्या आवाजात बोललो आहोत. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. तेव्हा आजचं बोलणं नुसतं माहितीपर नाही, मला एक बाजू मांडायची आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मी काही इंजिनिअर नाही. आपल्या सोसायटीत घरटी एक तरी संगणकातला माणूस आहे; माझं काही चुकलं तर त्यांनी नंतर चहाच्या वेळी कान धरावा.

सुरुवात शाळेपासून करतच नाही, मेन्टेनन्सच्या बिलापासून करते. काही वर्षांपूर्वी आपण हाताने बिलं लिहिणं बंद केलं आणि एक तयार पॅकेज घेतलं. बिलं छान छापून यायला लागली. दीड वर्षाने बी विंगमधल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी आपलं बिल उलटं करून पाठीमागे पेन्सिलीने हिशेब मांडला आणि कमिटीकडे नेला. त्यांची दहा हजार रुपये थकबाकी होती. उपविधीत तेव्हा लिहिलं होतं की थकबाकीवर जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के सरळव्याज लावता येतं. म्हणजे वर्षाचे २,१०० रुपये. बिलात आले होते २,३१४. काकांचं म्हणणं, हे २१४ रुपये कुठून आले? कमिटीतल्या एकांनी त्यांना काय उत्तर दिलं, आठवतंय? ‘अहो, कॉम्प्युटरने काढलंय. चुकेल कसं?’

कॉम्प्युटर चुकला नव्हताच. पॅकेजमध्ये एका कोपऱ्यात एक खूण होती, दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवायचं की नाही. ती कोणीतरी ‘होय’ करून ठेवली होती. दरमहा पावणेदोन टक्के, आणि व्याजावर पुन्हा व्याज. यंत्राने सांगितलं ते इमानेइतबारे केलं. सांगणारा माणूस होता, आणि त्याने काय सांगितलंय ते आपल्यापैकी कोणी दीड वर्ष पाहिलंच नव्हतं.

सॉफ्टवेअर म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. कोणीतरी घेतलेले निर्णय, एकामागोमाग एक, यंत्राला कळतील अशा भाषेत लिहून ठेवलेले. पडदा, कीबोर्ड, आतल्या चकत्या आणि तारा हे हाताला लागतं, ते हार्डवेअर. त्यावर आधी एक व्यवस्थापक लागतो. विंडोज, लिनक्स, फोनमधलं अँड्रॉइड ही त्याची नावं. कोणत्या कामाला आतली किती जागा, छपाईचा नंबर कोणाचा आधी, हे तो बघतो, आपल्या मॅनेजरने टँकर आणि पार्किंग बघावं तसं. आणि त्याच्या जिवावर बिलाचं पॅकेज, पत्र लिहायचा प्रोग्राम, मुलांचे खेळ. एवढं समजलं की पुष्कळ झालं. बाकी व्याख्या पाठ करून काही होत नाही. मी मुलांकडून करून घेतल्या आहेत, म्हणून सांगते.

आणखी एक घरचंच उदाहरण. या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आपल्या दहाव्या वर्षाच्या स्मरणिकेची फाईल शोधून काढली. फाईल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. मराठी एक अक्षर नाही. ती ज्या फॉन्टमध्ये टाईप केली होती तो फॉन्ट आता कोणाकडेच नाही. त्या काळी प्रत्येक मराठी फॉन्टची बाराखडी वेगळी असायची. संगणकाच्या पोटात ‘क’ नसायचाच, एखादं इंग्रजी अक्षर असायचं आणि फॉन्ट त्याला ‘क’चा मुखवटा चढवायचा. मुखवटा हरवला की झालं. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, पण तो आपल्या छापखान्यांपर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली. शेवटी दहाव्या वर्षाचा अंक कोणाच्या तरी माळ्यावरच्या छापील प्रतीवरून पुन्हा टाईप करावा लागला. लिहिलेलं आपलं होतं, पण ते उघडायची किल्ली दुसऱ्याकडे होती. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुन्हा लागणार आहे.

आता शिक्षण. शिकवण्यासाठी यंत्र वापरायची कल्पना संगणक घरोघरी येण्याच्या पुष्कळ आधीची आहे. बी. एफ. स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५४ च्या सुमारास शिकवणारं यंत्र तयार केलं. छोटा प्रश्न, मुलाने उत्तर द्यायचं, बरोबर की चूक ते लगेच कळायचं, मग पुढचा प्रश्न. हा विचार मी मोडीत काढणार नाही. पाढे, स्पेलिंग, रसायनातल्या संज्ञा यांना सराव लागतोच, आणि यंत्र कंटाळत नाही. आम्ही शिक्षक कंटाळतो.

पण आपल्याकडे ज्या पॅकेजचा प्रस्ताव आला आहे, भिंतीवरचा मोठा बोर्ड, त्यात पहिली ते दहावीचं सगळं भरलेलं, त्याचं प्रात्यक्षिक ऑफिसात झालं तेव्हा मी गेले होते. चित्रफिती सुरेख आहेत, खोटं कशाला बोलू. मग प्रश्न आला. चार पर्याय. मी मुद्दाम चुकीचा दाबला. लाल फुली आली आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’. दुसरा चुकीचा दाबला. पुन्हा फुली. तिसऱ्याला बरोबर आला आणि पडद्यावर फुगे उडाले. त्यानंतरचे पाच प्रश्न मी न वाचता नुसती बोटं फिरवून सोडवले. शेवटी मला तीन चांदण्या आणि ‘शाब्बास’. दाखवायला आलेला मुलगा बिचारा हसला. त्याचा काही दोष नाही, त्याने ते लिहिलेलं नव्हतं. पण ज्याने लिहिलं, त्याने एक निर्णय घेतला होता, की चुकलेल्या मुलाला फुली दाखवली म्हणजे पुरे. ते का चुकलं, हे विचारायची गरज नाही.

कुठलंही शैक्षणिक सॉफ्टवेअर दाखवायला आणलं की मी आधी चुकून बघते. चुकल्यावर पडद्यावर काय होतं, त्यावरून माझं मत ठरतं.

आता दुसरी गोष्ट सांगते, इथे मी जरा रेंगाळणार आहे. १९६७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी एक संगणकभाषा तयार केली. तिचं नाव लोगो. पॅपर्ट हे मूळचे गणिती, जिनिव्हाला पियाजेंबरोबर काही वर्षं काम केलेले. मुलं कशी शिकतात हा पियाजेंचा आयुष्यभराचा विषय. पॅपर्टनी यंत्राची आणि मुलाची जागाच बदलली. यंत्राने मुलाला प्रश्न विचारण्याऐवजी मुलाने यंत्राला शिकवायचं. पडद्यावर एक कासव असतं. त्याला सांगायचं, ‘पुढे १००’, की ते रेघ ओढत शंभर पावलं जातं. ‘उजवीकडे ९०’ म्हटलं की जागच्या जागी काटकोनात वळतं. बस, एवढंच. आज हे कासव फुकट मिळतं. लिबर ऑफिसमध्ये पत्र लिहायचा जो प्रोग्राम आहे त्याच्या पोटात आहे, पायथन भाषेबरोबरही येतं. आज्ञा इंग्रजीत असतात, मी इथे मराठीत सांगते.

गेल्या मे महिन्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर आपल्याच सोसायटीतली चार मुलं बसवली होती. चौरस सगळ्यांना पाच मिनिटांत आला. चार वेळा, पुढे १००, उजवीकडे ९०. मग मी म्हटलं, आता समभुज त्रिकोण काढा. सी विंगमधली सहावीतली मुलगी लगेच म्हणाली, ‘सोप्पंय! त्रिकोणाचा कोन ६० चा. तीन वेळा, पुढे १००, उजवीकडे ६०.’ कासव निघालं, वळलं, पुन्हा वळलं आणि भलतीकडेच जाऊन थांबलं. त्रिकोण नाहीच. फुटक्या वाटीसारखं काहीतरी उघडंच राहिलं.

पडद्यावर फुली आली नाही. ‘पुन्हा प्रयत्न करा’ आलं नाही. नुसती ती फुटकी वाटी. मुलं बघत बसली. एकजण म्हणाला, कॉम्प्युटर बिघडलाय. दुसरा म्हणाला, अजून तीन वेळा करून बघू. केलं, तर वाटी मिटली आणि सहा बाजूंची आकृती झाली. आता गोंधळ आणखी वाढला! साठ सांगितलं तर षट्कोन कसा?

मी गप्प बसले. माझ्यासारख्या बाईला किती जड गेलं असेल, याची शिक्षकांना कल्पना येईल. वीस मिनिटांनी ती मुलगी उठली आणि हॉलमध्ये स्वतः कासव होऊन चालायला लागली. खडूने जमिनीवर त्रिकोण काढला, एका बाजूवरून चालत कोपऱ्यापर्यंत आली आणि दुसऱ्या बाजूकडे तोंड करण्यासाठी वळली. वळता वळता थांबली. ‘काकू, मी ६० नाही वळले! मी खूप वळले.’ किती वळलीस? ती जिकडे चालली होती ती रेघ पुढे वाढवून तिने कोन मोजला. १२०.

कासव त्रिकोणाच्या आतला कोन वळतच नाही, ते आपल्या चालीपासून वळतं. आतला ६०, म्हणून बाहेरचा १२०. मग काही सांगावं लागलं नाही. त्रिकोणाला तीन वेळा १२०, चौकोनाला चार वेळा ९०, पंचकोनाला पाच वेळा ७२, षट्कोनाला सहा वेळा ६०. बेरीज दर वेळी ३६०, कारण कासव फिरून पुन्हा पहिल्यासारखं तोंड करून उभं राहतं. एकाने छत्तीस वेळा १० अंश वळवलं, तर जवळजवळ वर्तुळच झालं. त्याला घाम फुटला, इतका आनंद. आणि सर्वांत लहानगा, चौथीतला, त्याने काहीतरी आकडे मारता मारता पाच वेळा १४४ दिलं आणि चांदणी काढली. पाच गुणिले १४४ म्हणजे ७२०. कासव या खेपेला दोनदा गोल फिरलं होतं. हे माझ्याही ध्यानात आधी आलं नव्हतं, त्याच्यामुळे आलं.

बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते, हे वाक्य मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिलं आणि पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मार्कही मिळवले. त्यातल्या किती जणांना कळलं होतं, असा हिशेब मी कधी मांडला नाही, तो मांडायची भीती वाटते.

भूमितीसाठी जिओजेब्रा नावाचं आणखी एक आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१-०२ च्या सुमारास त्याला सुरुवात केली, आज जगभरच्या शाळांत वापरतात. त्रिकोण काढायचा, तिन्ही बाजूंचे मध्यलंब काढायचे, ते एका बिंदूत मिळतात. तो परिकेंद्र. आता त्रिकोणाचं एक टोक बोटाने ओढायचं. लघुकोन त्रिकोण असेतो परिकेंद्र आत असतं. काटकोन झाला की ते नेमकं कर्णाच्या मध्यावर येऊन बसतं, आणि कोन त्याहून मोठा झाला की बाहेर पळतं. वहीत हे दाखवायला तीन आकृत्या आणि तीन तास लागतात, आणि प्रत्येक मुलाच्या मध्यलंबाचं टोक थोडं चुकतंच. विज्ञानासाठी अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाने केलेली ‘फेट’ नावाची छोटी प्रात्यक्षिकं आहेत, त्यांतली बरीच मराठीतही मिळतात. बॅटरी, वायर, बल्ब जोडून बघता येतात. मात्र पडद्यावरची वायर कधी ढिली होत नाही आणि बॅटरी हाताला गरम लागत नाही. म्हणून दहा रुपयांचा खरा बल्ब शेजारी ठेवावाच, असं माझं मत आहे.

आता जे सांगायचं होतं ते सांगते.

आमच्या शाळेत आमदार निधीतून दहा संगणक आले होते. केवढा सोहळा झाला! खोलीला गुळगुळीत फरशी, खिडक्यांना पडदे, प्रत्येक संगणकाला शिवून घेतलेलं कव्हर. चपला बाहेर काढून आत जायचं. गणिताची शिक्षिका म्हणून त्या खोलीचा चार्ज माझ्याकडे दिला. डेड स्टॉक रजिस्टरवर माझी सही. दहा मॉनिटर, दहा कीबोर्ड, दहा माऊस, काही हरवलं-बिघडलं तर उत्तर मी द्यायचं. मी काय केलं असेल? कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

एका वर्गात साठ मुलं. आठवड्याला एक तास, म्हणजे एका संगणकापाशी सहा जण. त्यातून कधी लाईट नाही, कधी मी परीक्षेच्या कामात. मग संगणकाचा तास वर्गातच व्हायचा. मुलांनी वहीत सीपीयूची आकृती काढली, पट्टीने. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांतले फरक पाच ओळींत लिहिले. संगणकाचे जनक चार्ल्स बॅबेज. एकदा सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्या मागे मागे आला. त्याने आदल्या तासाला पडद्यावर एक घर काढलं होतं. म्हणाला, ‘बाई, संगणक बंद केला की माझं घर कुठे जातं? एकदा उघडून बघू का?’ किती चांगला प्रश्न होता! स्मृती म्हणजे काय, साठवण म्हणजे काय, फाईल म्हणजे काय, सगळं त्यात होतं. मी म्हटलं, ‘ते परीक्षेला नाही. डबा खा.’

सात-आठ वर्षांनी ते संगणक जुने झाले म्हणून निर्लेखित केले. भंगारवाला आला तेव्हा मी यादी घेऊन उभी होते. एकेक कव्हर काढलं. आपल्या घरचा कीबोर्ड आठवा. स्पेसची पट्टी गुळगुळीत झालेली असते, ए आणि ई पुसट. ते दहाच्या दहा कीबोर्ड जसेच्या तसे होते. सगळी अक्षरं ठसठशीत. एकही वस्तू हरवली नव्हती, बिघडली नव्हती. मुख्याध्यापकांनी मला शाबासकी दिली.

त्या शाबासकीची लाज मला नंतर वाटली, तेव्हा नाही. तेव्हा मी घरी येऊन सांगितलं होतं की आज सुटले.

म्हणून आपल्या खोलीबद्दल मी हट्ट धरते आहे. त्या पॅकेजचा परवाना एक वर्षाचा आहे, पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर सगळं बंद. त्यातलं काही मुलांना बदलता येत नाही. काही नवं करता येत नाही. दहाव्या वर्षाच्या स्मरणिकेची जी गत झाली तीच, आणि इथे तर आपण काही लिहिलेलंही नसेल. त्याऐवजी माझं म्हणणं साधं आहे. पाच घरांतून जुने संगणक द्यायला लोक तयार आहेत. त्यांवर लिनक्स घालू; १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला. ते कोणीही वापरावं, आतून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, अशी मुभा आहे. त्याचे पैसे पडत नाहीत हे खरं, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की आत बघायला बंदी नाही. व्याजाची खूण कुठे आहे ते ज्याला शोधायचं त्याला शोधता येतं. केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा उपक्रम सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांमध्ये असलंच मुक्त सॉफ्टवेअर नेलं. एक अख्खं राज्य करू शकतं, तर एका खोलीचं आपल्याला जमू नये?

शिकवणार कोण, असं विचारलं जातं. आयआयटी मुंबईत सुरू झालेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांचे धडे, एकेक सॉफ्टवेअर हळूहळू करून दाखवणारे, मराठीतही, विनामूल्य. शाळेच्या अभ्यासाला बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात, केंद्र सरकारचं २०१७ पासून चालू असलेलं ‘दीक्षा’ आहे, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून उघडणारं. म्हणजे ज्या अभ्यासासाठी पैसे मोजायला आपण निघालोय, तो बराचसा आपल्याच करातून तयार होऊन पडलाय.

भाषण संपल्यावर जे प्रश्न आले, त्यांतले दोन-तीन इथे घेते.

मुलं नको ते बघतील, त्याचं काय? पडदे दाराकडे तोंड करून लावायचे आणि दाराला काच बसवायची. जाता-येता सगळ्यांना दिसतं. लपवायला जागा नसली की निम्मा प्रश्न मिटतो; उरलेल्या निम्म्यासाठी कोणीतरी मोठं माणूस तिथे असायला हवं. आणि मुलांच्या नावाने कुठलंही ॲप उघडताना फोन नंबर, जन्मतारीख मागतात, ते आधी आई-वडिलांना विचारून. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे.

एआयचं काय, आता तोच सगळं लिहून देतो ना? डी विंगमधल्या एका मुलाने त्याच्याकडून ‘माझी आजी’ निबंध लिहून घेतला आणि कौतुकाने मला दाखवला. शुद्धलेखन उत्तम. निबंधातली आजी तुळशीला पाणी घालते, चष्मा शोधते, रात्री गोष्टी सांगते. त्याची खरी आजी त्या वेळी माझ्या शेजारीच बसली होती. तिने तीस वर्षं विम्याची एजन्सी केली, स्कूटरवरून. आमच्या घरात तुळसच नाही, म्हणाली. त्या मुलाला मी म्हटलं, राहू दे हा निबंध, फक्त यातलं खोटं काय काय आहे ते खाली लिही. त्याने दीड पान लिहिलं. ते दीड पान झकास होतं.

आणि संगणक बिघडले तर? बिघडतील. कीबोर्ड तर नक्की. जुना कीबोर्ड दोन-तीनशे रुपयांत मिळतो. वर्षभरात एखाद्या कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली तर त्याचे पैसे मी देईन, हे सेक्रेटरींनी मिनिट्समध्ये लिहून घ्यावं.

शेवटचा प्रश्न वॉचमन काकांच्या मुलीचा होता. ती मागे दाराशी उभी होती. खोली फक्त मेंबरांच्या मुलांसाठी आहे का, असं तिने विचारलं. माझ्या हातात ते नव्हतं, म्हणून मी कमिटीकडे बघितलं. कमिटीने एकमेकांकडे बघितलं. लॉकडाऊनमध्ये ही मुलगी वडिलांच्या फोनवर शिकली, आणि त्यांची दिवसाची पाळी असली की तिची शाळा बुडायची, कारण फोन गेटवर असायचा. कमिटीतल्या ज्यांनी ‘कॉम्प्युटर चुकेल कसं’ म्हटलं होतं, तेच त्या दिवशी आधी बोलले: ‘ये गं तू. त्यात काय विचारायचं?’

ताजा कलम : सर्वसाधारण सभेत दोन्ही प्रस्तावांवर दीड तास चर्चा झाली आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला गेला. तोवर दिलेल्या संगणकांपैकी दोन चालू करून घेतले आहेत. खोलीची किल्ली ऑफिसात मीटरच्या शेजारच्या खिळ्यावर असते, वहीत वेळ आणि फ्लॅट नंबर लिहून कोणीही मोठ्या माणसाने घ्यावी. शनिवारी चार ते सहा मी असते. सध्या सात मुलं येतात. मागच्या शनिवारी वॉचमन काकांच्या मुलीने कासवाकडून पाच टोकांऐवजी सात टोकांची चांदणी काढून घ्यायचा प्रयत्न केला. ३६० ला सातने भाग जात नाही, म्हणून ती अडली आहे. मी अजून काही सांगितलेलं नाही.